व्हॉल्व्हचा सुटा भाग कोणत्या शीर्षकात बसतो : आयातीपूर्वीच्या वर्गीकरणाची पद्धत

परदेशी पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवर ‘व्हॉल्व्ह पार्ट्स, एक लॉट’ अशी एकच ओळ असते आणि तिच्यापुढे पुरवठादाराने स्वतःच्या देशातील निर्यातीसाठी वापरलेला ८४८१ ९० ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. बडोद्यातील खरेदी विभाग तो क्रमांक तसाच सीएचएकडे (सीमाशुल्क दलालाकडे) पाठवतो, सीएचए त्यापुढे दोन अंक जोडून ८४८१ ९० ९० करतो आणि माल सुटतो. कोयलीची रिफायनरी, नंदेसरीतील रासायनिक कारखाने आणि मकरपुरा जीआयडीसीतील यंत्रशाळा यांमुळे या शहरात कंट्रोल व्हॉल्व्ह, बॉल व्हॉल्व्ह आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग सतत येत असतात. गोदामातही त्या सगळ्यांना सरसकट ‘वाल्वनो सामान’ म्हणतात. टॅरिफ, म्हणजे सीमाशुल्काची सरकारी अनुसूची, मात्र तसे म्हणत नाही. भाग कशाला बसतो हा प्रश्न टॅरिफमध्ये आहे, पण तो पहिला नाही. त्याच्या आधी दोन प्रश्न विचारावे लागतात, आणि बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्याने होतात.

कोणत्या क्रमाने जावे हे येथे सांगितले आहे. काही पायऱ्या दोन वाक्यांत संपतील, काहींवर अधिक वेळ थांबावे लागेल.

आधी वस्तू, मग क्रमांक

वर्गीकरण टॅरिफचे पुस्तक उघडून सुरू होत नाही, ते पार्ट लिस्टपासून सुरू होते. खरेदी आदेश पाठवतानाच पुरवठादाराकडून प्रत्येक भागाची चार माहिती मागवावी : भागाचे नेमके नाव, तो कोणत्या पदार्थाचा आहे, तो कोणत्या ड्रॉइंग क्रमांकानुसार बनला आहे आणि तो यंत्रकाम पूर्ण झालेल्या अवस्थेत येतो की कच्च्या. याखेरीज व्हॉल्व्हचे उभे छेदचित्र मिळाले, तर निम्मे काम तेथेच होते, कारण त्यात प्रत्येक भागाला क्रमांक दिलेला असतो आणि बाजूच्या तक्त्यात पदार्थाची श्रेणी लिहिलेली असते.

पदार्थावर इतका भर देण्याचे कारण लवकरच कळेल. स्टेम (दांडा), प्लग, सीट रिंग, केज, बॉनेट (वरचे झाकण), ग्लँड फॉलोअर, स्टड, नट, स्प्रिंग, गॅस्केट, ओ-रिंग, डायफ्राम, पॅकिंग असे तेरा भाग एकाच पेटीत आले, तर ते पाच-सहा वेगवेगळ्या शीर्षकांत (टॅरिफच्या चार अंकी गटांत) जाऊ शकतात, आणि त्यांपैकी निम्म्यांचा निर्णय केवळ पदार्थावर होतो.

क्रमांकाची रचना

भारताचा टॅरिफ म्हणजे सीमाशुल्क टॅरिफ कायदा, १९७५ याची पहिली अनुसूची. तिचे पहिले सहा अंक ब्रसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुसंवादी प्रणालीतून येतात, जी १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली, आणि पुढचे दोन अंक भारताचे स्वतःचे आहेत. म्हणून पुरवठादाराने दिलेल्या क्रमांकापैकी सहा अंकांपर्यंतच तुलना करता येते. तेही त्याचे मत असते, आपल्याकडील अधिकाऱ्यावर ते बंधनकारक नसते.

आपल्याला लागणारे शीर्षक ८४८१ हे पाइप, बॉयलरचे कवच, टाक्या आणि तत्सम गोष्टींसाठीचे नळ, कॉक, व्हॉल्व्ह यांचे आहे. त्यात ८४८१ १० दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हसाठी, ८४८१ २० तेलदाब किंवा हवेच्या दाबाने शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रणेतील व्हॉल्व्हसाठी, ८४८१ ३० नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसाठी, ८४८१ ४० सेफ्टी आणि रिलीफ व्हॉल्व्हसाठी, ८४८१ ८० इतरांसाठी आणि ८४८१ ९० सुट्या भागांसाठी आहे. सुट्या भागाचे उपशीर्षक सगळ्या प्रकारच्या व्हॉल्व्हना एकच असल्यामुळे भाग सेफ्टी व्हॉल्व्हचा आहे की बॉल व्हॉल्व्हचा हा वाद ८४८१ ९० मध्ये उद्भवत नाही, आणि ही एक सोय आहे.

पहिला प्रश्न : टीप त्याला बाहेर काढते का

शीर्षकाच्या शब्दांइतकेच विभागाच्या आणि प्रकरणाच्या टिपांना कायद्याचे बळ आहे. सामान्य अर्थनिर्णय नियमांपैकी पहिला नियमच तसे सांगतो. प्रकरण ८४ हे विभाग १६ मध्ये येते आणि त्या विभागाची टीप १ ही वगळण्याची यादी आहे. व्हॉल्व्हच्या पेटीसाठी तिच्यातील दोन नोंदी पाठ असाव्यात.

पहिली रबराची. यंत्रांत वापरण्याच्या, कठीण रबर सोडून इतर व्हल्कनाइज्ड रबराच्या वस्तू विभाग १६ मधून बाहेर जाऊन शीर्षक ४०१६ मध्ये जातात. ओ-रिंग विशिष्ट व्हॉल्व्हच्या विशिष्ट खोबणीसाठी, विशिष्ट ड्रॉइंगनुसार ओतलेली असली तरी ती ४०१६ ९३ मध्येच जाते. ती दुसऱ्या कशालाच बसत नाही, हा युक्तिवाद येथे कामाचा नाही, कारण वगळणारी टीप वापराचा प्रश्न विचारतच नाही. अॅक्च्युएटरचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या साधनाचा, रबरी डायफ्रामही याच मार्गाने ४०१६ मध्ये जातो.

दुसरी नोंद सर्वसाधारण वापराच्या भागांची. विभाग १५ ची टीप २ हे भाग कोणते ते सांगते : ७३०७ मधील पाइप जोडण्या, ७३१२ मधील तारदोर, ७३१५ मधील साखळ्या, ७३१८ मधील बोल्ट, नट, स्क्रू आणि वॉशर, शिवाय मूळ धातूच्या स्प्रिंगा. इतर मूळ धातूंच्या अशाच वस्तूही त्यात येतात, आणि इथे गफलत होते. पोलादी स्टड ७३१८ मध्ये जातो, पण मोनेलचा स्टड निकेल मिश्रधातूचा असल्याने प्रकरण ७५ मध्ये ७५०८ कडे जातो. स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग ७३२० मध्ये जाते आणि इनकोनेलची पुन्हा ७५०८ मध्ये. ड्रॉइंगवर व्हॉल्व्ह कंपनीचा क्रमांक कोरलेला असला, लांबी बाजारात न मिळणारी असली, तरी स्टड हा स्टडच राहतो.

हे मी शिकलो ते स्वतःच्या खर्चाने. काही वर्षांपूर्वी मकरपुऱ्यातील एका कारखान्यासाठी मी कंट्रोल व्हॉल्व्हच्या सुट्या भागांची पूर्ण पेटी ८४८१ ९० ९० मध्ये दाखवली होती. अधिकाऱ्याने छेदचित्र मागितले आणि बॉनेटचे बी८एम श्रेणीचे (स्टेनलेस स्टीलचे) स्टड कोणते ते विचारले. उत्तर देण्यात, पार्टनिहाय किंमत मागवण्यात आणि बिल ऑफ एंट्री (आयातीचे घोषणापत्र) दुरुस्त करण्यात जे दिवस गेले, तेवढ्या दिवसांचे कंटेनरचे भाडे शुल्काच्या फरकापेक्षा जास्त झाले. तेव्हापासून मी पेटीतील स्टड आधी मोजतो.

उलट टोकाला टेफ्लॉन आहे. टीप १ मधील रबराची नोंद प्लॅस्टिकला लागू होत नाही. प्लॅस्टिकच्या बाबतीत पट्टे आणि सर्वसाधारण वापराच्या भागांसारख्या वस्तू एवढेच वगळले आहे. शिवाय प्रकरण ३९ ची टीप २ विभाग १६ मधील वस्तू स्वतःच बाहेर सोडते. त्यामुळे बॉल व्हॉल्व्हच्या बॉलच्या गोलाईला नेमकी बसेल अशी, यंत्रकाम पूर्ण झालेली टेफ्लॉनची सीट ८४८१ ९० मध्ये राहू शकते. एकाच पिशवीतली रबरी ओ-रिंग बाहेर आणि टेफ्लॉन सीट आत, हे नव्या माणसाला विसंगत वाटते. टिपेचे शब्द वाचले की त्यात विसंगती उरत नाही.

प्रकरण ८४ ची स्वतःची टीप १ सिरॅमिकच्या यंत्रभागांना प्रकरण ६९ कडे पाठवते. घर्षणकारी स्लरीच्या व्हॉल्व्हमध्ये सिरॅमिक ट्रिम (प्रवाहाला भिडणारे आतले भाग) वापरतात, त्यामुळे हे केवळ पुस्तकी उदाहरण नाही.

दुसरा प्रश्न : त्याचे स्वतःचे घर आहे का

टिपेने वगळले नाही म्हणजे वस्तू लगेच ८४८१ ९० मध्ये गेली, असे होत नाही. विभाग १६ ची टीप २ भागांसाठी तीन पायऱ्या ठरवते. पहिली, भाग स्वतःच प्रकरण ८४ किंवा ८५ च्या एखाद्या शीर्षकातील वस्तू असेल, तर तो त्या शीर्षकात जातो. याला ठरावीक अपवाद आहेत, पण ते बहुतेक ‘भाग’ या नावाच्याच शीर्षकांचे आहेत. दुसरी, तो एका विशिष्ट यंत्रासाठीच किंवा मुख्यतः त्यासाठीच योग्य असेल, तर त्या यंत्रासोबत जातो. तिसरी, हे दोन्ही नसेल, तर ८४८७ किंवा ८५४८.

पहिली पायरी अॅक्च्युएटर आणि ऑपरेटरच्या बाबतीत निर्णायक ठरते. सुटा आलेला हवेचा सरळ रेषेत चालणारा सिलिंडर ८४१२ ३१ मध्ये, विद्युत मोटर ८५०१ मध्ये, हातचाकाने फिरवायचा गिअर ऑपरेटर ८४८३ ४० मध्ये, बॉल बेअरिंग ८४८२ मध्ये आणि लिमिट स्विच ८५३६ ५० मध्ये जातो. मात्र अॅक्च्युएटर व्हॉल्व्हवर बसवूनच आला, तर चित्र बदलते : जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरण टिपा सांगतात की मोटर, सोलेनॉइड किंवा स्प्रिंगसारख्या साधनाने चालणारा व्हॉल्व्ह ८४८१ मध्येच राहतो. म्हणजे एकाच पुरवठादाराचा तोच अॅक्च्युएटर एका मालात ८४८१ ८० चा अंश असतो आणि दुसऱ्या मालात ८४१२ ची स्वतंत्र ओळ.

दुसरी पायरी ही ८४८१ ९० ची खरी वाट. यंत्रकाम झालेला स्टेम, प्लग, केज, सीट रिंग, बॉनेट, आरपार भोक असलेला पॉलिश केलेला बॉल, ग्लँड फॉलोअर हे सारे येथे येतात. पुरावा म्हणून छेदचित्रातील क्रमांक आणि पुरवठादाराचे पत्र पुरते. हातचाकाबाबत जरा थांबावे : विशिष्ट व्हॉल्व्हच्या स्टेमच्या चौकोनी टोकाला बसेल असे घडवलेले चाक त्या व्हॉल्व्हचा भाग ठरते, पण कोणत्याही यंत्राला लावता येईल असे साधे चाक ८४८७ ९० मध्ये जाते.

गॅस्केट आणि पॅकिंग

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो, म्हणून वस्तू हातात घेऊनच निर्णय करावा. स्पायरल वाउंड गॅस्केट समोर धरला, तर बाहेरच्या कड्याची कड रंगवलेली दिसते. एएसएमई बी१६.२० या मानकानुसार पिवळा रंग म्हणजे ३०४ स्टेनलेस, हिरवा म्हणजे ३१६एल. त्यावरील करडे पट्टे म्हणजे लवचिक ग्रॅफाइटचे भरण आणि पांढरे पट्टे म्हणजे टेफ्लॉनचे. धातू आणि दुसरा पदार्थ यांचा संयोग डोळ्यांना दिसतो आणि अशा संयोगासाठी शीर्षक ८४८४ आहे. एकाच पदार्थाचा गॅस्केट मात्र सामान्यतः त्या पदार्थाच्या प्रकरणात जातो : रबराचा ४०१६ मध्ये, कापडी तंतूंची वेणीदार ग्लँड पॅकिंग ५९११ मध्ये, ग्रॅफाइटची ६८१५ मध्ये. मेकॅनिकल सीलला ८४८४ २० हे वेगळे उपशीर्षक आहे.

दुरुस्तीच्या सॉफ्ट किटचा (झिजणाऱ्या सील-गॅस्केटच्या पिशवीचा) प्रश्न वेगळा. वेगवेगळ्या पदार्थांचे गॅस्केट आणि जोड एका पिशवीत किंवा लखोट्यात संच म्हणून आले, तर ८४८४ मध्ये त्यांच्यासाठी स्पष्ट जागा आहे. पण त्याच पिशवीत स्टेम किंवा सीट रिंग असेल, तर तो गॅस्केटचा संच राहत नाही. अशा वेळी नियम ३(ब) मधील किरकोळ विक्रीच्या संचाच्या अटी पूर्ण होतात का ते पाहावे लागते, आणि औद्योगिक मालात त्या क्वचितच होतात. माझा सल्ला : किट फोडून ओळी वेगळ्या कराव्यात आणि त्यासाठी पुरवठादाराकडून किटमधील घटकांच्या किमती आधीच मागवून ठेवाव्यात.

कच्चे ओतकाम आणि सुटा-सुटा आलेला पूर्ण व्हॉल्व्ह

नियम २(अ) च्या पहिल्या भागानुसार अपूर्ण वस्तूत पूर्ण वस्तूचे मूलभूत स्वरूप आले असेल, तर तिचे वर्गीकरण पूर्ण वस्तूप्रमाणे होते. डब्ल्यूसीबी (कार्बन पोलादाची ओतीव श्रेणी) पोलादात ओतलेली, फ्लँज आणि प्रवाहमार्ग स्पष्ट दिसणारी बॉडी फक्त यंत्रकाम करायची राहिली असेल, तर ती ७३२५ मधील साधे ओतकाम नसून ८४८१ ९० मधील भाग आहे. याउलट स्टेमसाठी ठरावीक लांबीला कापलेला स्टेनलेसचा गोल बार हा अद्याप बारच असतो आणि ७२२२ मध्ये जातो, कारण त्याच्या आकारात स्टेमचा मागमूस नाही. येथे शुल्कापेक्षा महत्त्वाची दुसरी गोष्ट आहे : प्रकरण ७२ आणि ७३ मधील मालाला पोलाद आयात देखरेख प्रणालीतील नोंदणी लागू शकते, आणि ती माल पोहोचल्यावर आठवली तर उशीर झालेला असतो.

त्याच नियमाचा दुसरा भाग न जोडलेल्या वस्तूंचा आहे. एका मालात एका व्हॉल्व्हचे सर्व भाग सुटे येत असतील आणि फक्त जोडणी बाकी असेल, तर तो ८४८१ ८० मधील व्हॉल्व्ह आहे, भागांचा ढीग नव्हे.

एक छोटा इशारा, शब्दाबद्दल. ‘व्हॉल्व्ह’ लिहिले आहे म्हणून वस्तू ८४८१ मधली असतेच असे नाही. इंजिनचे इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ८४०९ मध्ये, तर कॉम्प्रेसरचे सक्शन आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह ८४१४ मध्ये जातात, कारण ते त्या यंत्राचे अंगभूत भाग आहेत.

पैशाचा हिशेब

समजा आयातमूल्य ४,००,००० रुपये आहे आणि ८४८१ ९० वरील मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के आहे. मूळ शुल्क ३०,००० रुपये, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ३,००० रुपये, आणि एकूण ४,३३,००० वर १८ टक्के आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) ७७,९४० रुपये. आता यातील ४०,००० रुपयांचे स्टड ७३१८ मध्ये गेले, तर काय? २०२१ च्या अर्थसंकल्पात पोलादी स्क्रूंवरील शुल्क १० वरून १५ टक्के झाले होते, तो दर धरल्यास मूळ शुल्क ३,००० रुपयांनी, अधिभार ३०० रुपयांनी आणि आयजीएसटी ५९४ रुपयांनी वाढतो. आयजीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळत असल्याने कारखान्याचा खरा खर्च ३,३०० रुपयांनीच वाढतो. दर बिल ऑफ एंट्री दाखल केल्याच्या दिवशीचा (जहाज नंतर आल्यास त्याच्या प्रवेशाच्या दिवशीचा) पाहावा, जुन्या फाइलमधला नाही.

फरक लहान दिसतो. पण तीच चूक दर तिमाहीला होत राहिली, तर सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २८ खाली दोन वर्षांची, आणि जाणूनबुजून माहिती दडवल्याचा आरोप झाल्यास पाच वर्षांची मागणी येऊ शकते, शिवाय १५ टक्के वार्षिक व्याज. मुक्त व्यापार करारातील सवलत घेतली असेल, तर प्रश्न अधिक कठीण होतो, कारण मूळस्थान प्रमाणपत्रावरील सहा अंक आणि बिल ऑफ एंट्रीवरील सहा अंक जुळावे लागतात. सवलतीस पात्र असल्याचे सिद्ध करण्याचा भार आयातदारावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३० जुलै २०१८ च्या दिलीप कुमार अँड कंपनी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

बिल ऑफ एंट्रीवर काय लिहावे

२०११ पासून स्वयंमूल्यांकन आहे, म्हणजे वर्गीकरणाची पहिली जबाबदारी आयातदाराची. माल बडोद्याजवळच्या दशरथ येथील आयसीडीत (अंतर्देशीय कंटेनर आगारात) उतरला तरी मूल्यांकन करणारा अधिकारी दुसऱ्या शहरात बसलेला असू शकतो. चेहराविरहित मूल्यांकनाची सुरुवात ८ जून २०२० रोजी बंगळूरू आणि चेन्नईत प्रकरण ८४ आणि ८५ पासूनच झाली. तो अधिकारी पेटी पाहत नाही, तो आपली ओळ वाचतो. म्हणून ‘व्हॉल्व्ह पार्ट’ असे न लिहिता ‘कंट्रोल व्हॉल्व्हचा स्टेम, स्टेनलेस स्टील ३१६, यंत्रकाम पूर्ण, ड्रॉइंग क्रमांक अमुक’ असे लिहावे. छेदचित्र आणि पदार्थ प्रमाणपत्र ई-संचितवर (सीमाशुल्काच्या ऑनलाइन कागदपत्र प्रणालीवर) आधीच चढवावे. प्रत्येक भागासाठी अर्ध्या पानाचे टिपण करून ठेवावे : कोणती टीप तपासली, कोणता नियम लावला, कोणते शीर्षक नाकारले आणि का. दोन वर्षांनी लेखापरीक्षण आले, तर माहिती दडवली नव्हती हे दाखवणारा तोच कागद असतो.

शंका खरोखर शिल्लक राहिली आणि माल वारंवार येणार असेल, तर सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करावा. दिल्ली आणि मुंबई येथे ही प्राधिकरणे २०२१ पासून काम करतात. कायद्याने निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत आहे आणि कायदा किंवा वस्तुस्थिती न बदलल्यास निर्णय तीन वर्षे टिकतो. माल आधीच बंदरावर असेल, तर कलम १८ खाली तात्पुरते मूल्यांकन मागता येते.

जुनी चूक स्वतःच्या लक्षात आली, तर थांबू नये. नोटीस येण्यापूर्वी शुल्क आणि व्याज भरले आणि फसवणुकीचा आरोप नसेल, तर दंड लागत नाही. २०२५ च्या वित्त कायद्याने घातलेले कलम १८ए माल सुटल्यानंतर नोंद स्वतःहून सुधारण्याची वाटही देते. शुल्क जास्त भरले गेले असेल, तर नुसता परताव्याचा अर्ज पुरत नाही. आयटीसी लिमिटेडच्या २०१९ च्या निकालानुसार आधी मूल्यांकनच बदलून घ्यावे लागते, आणि कलम १२८ खालील अपिलाची मुदत ६० दिवसांची असते.

मी सध्या खरेदी आदेशाच्या नमुन्यातच एक परिशिष्ट जोडतो. त्यात भागाचे नाव, पदार्थाची श्रेणी, ड्रॉइंग क्रमांक, अवस्था आणि सुटी किंमत असे पाच रकाने असतात, आणि पाचही भरल्याशिवाय इन्व्हॉइस स्वीकारणार नाही अशी ओळ खाली असते. काही पुरवठादार सुरुवातीला कुरकुर करतात. दुसऱ्या ऑर्डरपासून तक्ता भरून येतो, आणि त्यात स्टड, स्प्रिंगा आणि ओ-रिंग वेगळ्या ओळींवर असतात.